उतारावर बंद केलेली किल्ली

"गाडी टो केलेली आहे, यादव. क्लेम रिजेक्ट. तुम्ही तसा रिपोर्ट टाका, म्हणजे आम्ही क्लोज करतो."

पुण्याच्या वॉरंटी डेस्कवरचा माणूस एवढं बोलून थांबला. दोन वर्षं आम्ही फोनवर बोलतोय, पण त्याचं नाव मला अजून माहीत नाही. तो मला यादव म्हणतो, मी त्याला सर म्हणतो.

काचेच्या पलीकडे बाकावर रंजना खोत बसल्या होत्या. वय चाळिशीच्या आसपास, साडीवर खाकी शर्ट, मांडीवर डबा. केर्ली फाट्यावरून जोतिबाच्या डोंगरावर त्या इलेक्ट्रिक रिक्षा चालवतात. त्यांची गाडी आमच्या वर्कशॉपमध्ये उभी राहून चार दिवस झाले होते. चारही दिवस त्या सकाळी येऊन त्या बाकावर बसत. गाडी कधी मिळणार, असं एकदाही विचारत नसत. मला तेच जास्त लागायचं. भांडणारं गिऱ्हाईक परवडतं.

मी पूर्वी शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला होतो. सव्वीस वर्षं. तिथं मोटरला कान लावला की तिला काय होतंय ते कळायचं. जेवायला बारा-पंधरा डबे एका टेबलावर उघडायचे, आणि कुणाच्या डब्यात काय आहे यावरून अर्धा तास दंगा चालायचा. फौंड्रीनं आमचा विभाग बाहेरच्या ठेकेदाराला दिला आणि मी हायवेवरच्या या इलेक्ट्रिक तीनचाकींच्या डीलरकडे सर्व्हिस इंजिनिअर म्हणून लागलो. इथल्या गाड्यांना आवाज नाही. आजारी गाडीलाही नाही. तिचं दुखणं लॅपटॉपवर वाचायचं. माझी खोली शोरूमच्या मागे आहे, एसी आहे, आणि तिथं मी एकटा. बायको मुलीच्या बाळंतपणाला पुण्याला गेली ती नातीत रमली. बावड्याला माझं घर आहे, तिथं मी, फ्रिज आणि टीव्ही. तक्रार म्हणून सांगत नाही. दिवस कसा जातो ते सांगतोय.

आता गाडीचं दुखणं सांगतो. इलेक्ट्रिक रिक्षात इंजिन नसतं. बॅटरी असते, मोटर असते आणि दोघांच्या मधे एक बंद डबा असतो, त्याला कंट्रोलर म्हणतात. मूठ पिळली की बॅटरीतली किती वीज मोटरला सोडायची, हे तो डबा ठरवतो. तो जळला की गाडी जागची हलत नाही. रंजनाताईंचा कंट्रोलर जळला होता. दुसऱ्यांदा. पहिला गाडी घेतल्यापासून तीन महिन्यांत गेला होता. तेव्हा मी माल खराब असेल म्हणून फारसा विचार न करता बदलून दिला होता. दोन महिन्यांत दुसराही गेल्यावर कंपनीनं भुवया उंचावल्या, आणि त्यात त्यांची चूक नव्हती.

गाडीत आणखी एक छोटं यंत्र असतं. त्याला स्वतःची बॅटरी असते. गाडी कुठं आहे, किती वेगानं चालली आहे, किल्ली चालू आहे की बंद, हे सगळं ते कंपनीला कळवत राहतं. चालकांना त्याचा राग येतो, पण माझं अर्धं काम तेच करतं. त्यातच पुण्यातल्या माणसाला सापडलं होतं की ही गाडी किल्ली बंद असताना ताशी पस्तीस-चाळीसच्या वेगानं पळते. एकदा नाही, रोज. किल्ली बंद असलेली गाडी पळते म्हणजे कुणीतरी ओढत नेतं, असा त्यानं हिशेब मांडला. इलेक्ट्रिक गाडी चाकांवर ओढून न्यायची नसते. तसं नेल्यास वॉरंटी संपते, आणि ते पुस्तिकेत जाड अक्षरात छापलेलं आहे.

मी बाहेर जाऊन बाकासमोर उभा राहिलो.

"रंजनाताई, गाडी दुसऱ्या गाडीला बांधून ओढून नेलेली का कधी?"

"न्हाय."

"कंपनीकडं नोंद आहे."

"असंल. माझी गाडी कुणी वडली न्हाय. इथं बी पिकपमध्ये घालून आणलिया. तुमीच उतरून घेतलासा की."

ते खरं होतं. तरी मी मनात म्हटलं, बाई खोटं बोलते आहे. या धंद्यात रोज कुणीतरी खोटं बोलतं. पाण्यात घातलेली गाडी "नुसती धुतली" म्हणून येते. मला त्याची सवय झाली आहे, आणि ती सवय फार चांगली नाही.

"ताई, खरं सांगितलं तर काहीतरी मार्ग निघेल."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. राग नव्हता, पण कंटाळा होता.

"यादवसायेब, आज चार दिस झालं. आठ दिस गाडी लागली न्हाय की स्टॉपवरचा नंबर जातोय. मी कशाला खोटं बोलून दिस घालवीन?"

स्टॉपच्या या नियमाबद्दल मी ऐकून होतो. फाट्यावरच्या रिक्षा नंबरानं लागतात. पहिली भरली की दुसरी पुढं. सलग आठ दिवस गाडी आली नाही तर तो नंबर दुसऱ्याला देतात, आणि मागं बरेच जण थांबलेले असतात. रंजनाताईंचा नंबर त्यांच्या नवऱ्याचा होता. संभाजी खोत. दीड वर्षापूर्वी छातीत कळ येऊन गेले. बाई रिक्षा चालवणार, तीही विजेची, म्हटल्यावर स्टॉपवर बरीच हुज्जत झाली होती. तरी शेवटी संभाजीरावांकडे बघून त्यांनी नियम बाजूला ठेवून नंबर राखला होता. आता तो गेला असता तर परत मिळाला नसता. मग शहरात मोकळं भाडं शोधत फिरायचं. तिथं सगळे रस्ते आधीच वाटले गेलेले आहेत. घरी सासू आणि कॉलेजला जाणारी मुलगी, आणि कमावणारी ही एकटी.

नवा कंट्रोलर विकत घ्यायचा तर त्यांच्या कित्येक महिन्यांच्या कमाईचा प्रश्न होता. पुण्याहून पार्ट यायला दोन दिवस. म्हणजे माझ्या हातात एक दिवस, फार तर दीड.

मालक मगदूम साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. माणूस वाईट नाही. रोज अकरा वाजता मला चहाला बोलवायचे, आणि दिवसभरात माझं बोलणं म्हणजे तेवढंच.

"टो केली म्हणत्यात न्हवं? मग लिवा की तसं. तुमचं काय जातंय?"

"बाई नाही म्हणते."

"बाई नाहीच म्हणणार. यादव, मागच्या टायमाला आपण रिप्लेस दिलाय. सारखं सारखं दिलं तर कंपनी आपल्यावर बोट ठेवती."

"उद्या दुपारपर्यंत वेळ द्या."

"द्या काय, घ्या. पण टोइंगच निघणार बघा."

मी खोलीत येऊन दोन महिन्यांच्या नोंदी उघडल्या. गाडी जिथं जिथं किल्ली बंद असताना पळाली होती, त्या जागा नकाशावर एकेक करून टाकत गेलो. कंटाळवाणं काम आहे. ठिपके पडत गेले आणि तासाभरानं मला कळलं की मी किती मठ्ठ आहे. सगळे ठिपके डोंगरावर. सगळे डोंगरावरून केर्लीच्या दिशेनं. वर चढताना एकही नाही. फाट्यावर नाही, शहरात नाही. माथ्यावरचं वळण संपलं की किल्ली बंद, पायथ्याला आलं की चालू. रोज सात-आठ वेळा.

आता, रिक्षा ओढून न्यायची तर माणूस चढावर ओढून नेईल. नुसती उतारावर ओढत नेणारा शहाणा जगात नसेल.

मी बाहेर आलो. दुपार झाली होती. रंजनाताई बाकावर बसूनच डबा खात होत्या, भाकरी आणि वांग्याचं कोरड्यास. मी माझा डबा घेऊन शेजारी बसलो. असं मी कुठल्या गिऱ्हाइकाशेजारी कधी बसलो नव्हतो.

"ताई, उतारावर किल्ली बंद करता?"

"व्हय. करतेच की."

"का?"

त्यांना प्रश्नच विचित्र वाटला.

"उताराला किल्ली बंदच करायची आसती. आमचं मालक तसंच करायचं. वरच्या वळणावर किल्ली बंद, गिअर न्यूट्रल, खाली पायथ्यापतूर गाडी आपली येती. फाट्यावरचे सगळेच करत्यात. प्याट्रोल वाचतंय."

"या गाडीत पेट्रोल कुठं आहे?"

"न्हाय. पर करंट वाचंल की."

मी घास हातात धरून बसलो. सव्वीस वर्षं मोटरी दुरुस्त केलेल्या माणसाला हे सुचायला चार दिवस लागले होते.

इथं थोडं समजावतो. पेट्रोल रिक्षात उतारावर इंजिन बंद केलं तर थोडं पेट्रोल वाचतं. धोक्याचं आहे, पण घाटात चालवणारे वर्षानुवर्षं करत आले आहेत. इलेक्ट्रिक गाडीत नेमकं उलटं असतं. उतारावर चाकं मोटरला फिरवतात, आणि फिरणारी मोटर वीज तयार करते. किल्ली चालू असेल तर ती वीज बॅटरीत जाते, गाडी उतरता उतरता चार्ज होते. किल्ली बंद केली की बॅटरीचं दार बंद होतं. मोटर मात्र फिरतच राहते, वीज तयार होतच राहते, आणि तिला जायला जागा नसते. विहिरीवरचा पंप चालू ठेवून वरचा व्हॉल्व बंद केल्यासारखं. पाइप जिथं कच्चा असेल तिथं फुटतो. इथं कच्चा पाइप म्हणजे कंट्रोलर. तो एका दिवसात जळत नाही. रोज सात-आठ वेळा थोडा थोडा मार खातो आणि एक दिवस जातो. म्हणजे बाई करंट वाचवायला जे करत होती, त्यानं करंट तर जात होताच, वर गाडीही मरत होती.

मी त्यांना हे सगळं सांगितलं. त्यांनी डब्याचं झाकण लावलं.

"म्हंजे माझ्याच हातानं झालं."

"तसंच म्हणायला हवं."

"मला कुणी सांगितलं न्हाय वो."

"सांगतात. गाडी देताना ट्रेनिंग असतं."

हे मी जरा ताठ्यानं बोललो. ट्रेनिंगचा फॉर्म असतो. बारा ओळी, प्रत्येक ओळीपुढं चौकोन. गाडी देणाऱ्यानं एकेक गोष्ट समजावायची, चौकोनात टिक करायची, खाली सही करायची आणि शेजारी गिऱ्हाइकाची घ्यायची. फाइल काढून दाखवावी म्हणून मी आत गेलो. सातवी ओळ: उतारावर किल्ली बंद करू नये हे समजावले. पुढं टिक. खाली सही. गाडी देणाऱ्याची सही माझी होती.

मला तो दिवस आठवला. दसरा. शोरूमसमोर हार घातलेल्या अकरा गाड्या, नारळ, पेढे, फोटो. प्रत्येकाला मुहूर्ताच्या आत गाडी हवी होती. मी फॉर्म घेऊन एकेकाजवळ जात होतो. रंजनाताईंच्या गाडीजवळ आलो तेव्हा काय बोललो, तेही शब्दशः आठवलं. "तुम्हाला काय शिकवायचं, तुमच्या घरातच रिक्षा." बाराच्या बारा चौकोनांत टिक करून मी पुढच्या गाडीकडे गेलो होतो. त्या हसल्या होत्या. घरातली रिक्षा म्हणजेच इथं खरी अडचण आहे, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. ज्याच्या घरात रिक्षा नव्हती त्यानं उतारावर किल्ली चालूच ठेवली असती.

फाइल घेऊन मी खुर्चीत बसलो. खोटं कशाला बोलू, पहिला विचार असा आला की हे कुणाला माहीत नाही. पुणेवाला टोइंग म्हणतोय. मगदूम साहेब टोइंग म्हणताहेत. बाईकडं काही पुरावा नाही, उलट फॉर्मवर तिची सही आहे, सगळं समजलं म्हणून. मी एक ओळ लिहिली तर काम संपतं. फौंड्रीत असतो तर शेजारच्या टेबलावरचा कुणीतरी माझा चेहरा बघून म्हणाला असता, काय लपवतोयस रे. इथं बघायला कुणी नव्हतं. एकटेपणाचा हाही एक भाग आहे. आपण काय करतोय हे बघणारं आपल्याशिवाय कोणी राहत नाही, आणि आपण स्वतःला फार लवकर सोडून देतो.

मी परत बाहेर आलो, का ते मलाही नीट माहीत नव्हतं. बाकावर बसलो.

"संभाजीराव चांगले चालवायचे ना गाडी?"

"चांगलं की. मी वर देवळापाशी दवणा-गुलाल घेऊन बसायचे. सांजच्याला शेवटच्या फेरीला त्यांच्यासंगं खाली यायचे. वर जाताना इंजिनाच्या आवाजात काय ऐकू येतंय? उतारावर किल्ली बंद केली की सगळं शांत. मग बोलायचे ते. पोरीचं, म्हशीचं, कोण काय म्हटलं. दिसभरात तेवढंच बोलणं आमचं. घरात गेलं की कामंच सुटायची न्हाईत."

त्यांनी डबा मांडीवरून खाली ठेवला.

"आता मी बोलते. गाडीत माणसं आसली तर मनातल्या मनात. येडी म्हणा."

मला येडी म्हणता आलं नाही. बावड्याच्या घरात मी टीव्हीवरच्या बातमीदाराला उत्तरं देतो, हे त्यांना सांगावंसं वाटलं. सांगितलं नाही. मात्र उठलो आणि रिपोर्ट लिहायला घेतला.

रिपोर्ट चार ओळींचा होता. गाडी टो केलेली नाही. उतारावर किल्ली बंद ठेवल्यामुळे कंट्रोलर निकामी झाला. डिलिव्हरीच्या वेळी ग्राहकाला याचं प्रशिक्षण दिलं गेलं नाही, फॉर्मवरची टिक चुकीची आहे. जबाबदारी खाली सही करणाऱ्याची. खाली मी सही केली. पाठवण्याआधी मगदूम साहेबांना दाखवला.

त्यांनी दोनदा वाचला.

"यादव, तुमी शुद्धीवर हाय का? सोताच्या पायावर धोंडा मारून घेताय, वर माझ्या बी पायावर. डीलरनं ट्रेनिंग दिलं न्हाय म्हटल्यावर पार्टचा खर्च आपल्यावर टाकणार ते."

"दिलं नाही हे खरं आहे, साहेब."

"खरं आसंल. सगळं खरं लिवायलाच पाहिजे का? उताराचं लिवा, ट्रेनिंगचं गाळा."

"गाळलं तर चूक बाईची होते. आठ दिवस झाले की तिचा नंबर जातो."

"आणि तुमचा गेला तर?"

मी म्हटलं, "पाठवू का?" त्यांनी हात झटकला. मी त्याचा अर्थ हो असा घेतला.

संध्याकाळी पुण्याचा फोन आला.

"यादव, हे तुम्ही ऑफिशियली लिहिलंय?"

"हो सर."

"असं कोणी लिहीत नाही."

"मग आता लिहिलंय."

तो म्हणाला, "पार्ट उद्या निघेल. डीलरला डेबिट पडेल. तुम्हाला लेटर येईल." नाव मात्र त्यानं याही वेळी सांगितलं नाही.

कंट्रोलर सातव्या दिवशी दुपारी आला. मी स्वतः बसवला. आठव्या दिवशी सकाळी रंजनाताई गाडी न्यायला आल्या, तेव्हा मी म्हटलं, "चला, मी येतो. डोंगर चढून उतरून बघू." फाट्यावर त्यांनी आधी गाडी नंबरात उभी केली. रांगेतल्या एकानं आपली रिक्षा दोन हात मागं ढकलून जागा केली.

त्यांचा नंबर आल्यावर वर गेलो, माणसं उतरवली. परतीला गाडी रिकामी होती, मागं फक्त मी. माथ्यावरच्या वळणावर त्यांचा हात सवयीनं किल्लीकडे गेला. तिथंच थांबला. परत मुठीवर आला. मूठ सोडली तशी गाडी मागून कुणी धरल्यागत सावकाश उतरू लागली. अर्ध्या घाटात मी पुढं वाकून स्क्रीन दाखवला. चार्ज एक टक्क्यानं वाढला होता.

"आयला," त्या म्हणाल्या. "इतकं दिस फुकट घालवलं म्हणा की."

"आता किल्ली बंद करायची नाही."

"न्हाय करत."

एक वळण गेलं. मग त्या समोर बघतच म्हणाल्या, "मग बोलायचं कवा?"

मी इंजिनिअर माणूस. मला वाटलं, अडचण सोपी आहे.

"या गाडीला आवाज कुठं आहे, ताई? चालू ठेवूनच बोला की."

"मला जमंल वो," त्या म्हणाल्या. "चालू गाडीत बोलायची त्यांस्नी सवय न्हाय."

पायथ्याला आल्यावर त्यांनी गाडी परत रांगेत लावली.

लेटर पुढच्या आठवड्यात आलं. लेखी समज, आणि त्या वर्षीची पगारवाढ नाही. मगदूम साहेबांनी मला चहाला बोलवणं बंद केलं. त्यात त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पार्टचा भुर्दंड त्यांना बसला होता. रंजनाताईंची गाडी अजून चालते. सर्व्हिसिंगला येतात, बाकावर बसतात, जातात. तो कंट्रोलर अजून टिकून आहे.

फॉर्म आजही बारा ओळींचा आहे. टिक करायला अर्धं मिनिट लागतं. मी हल्ली फॉर्म भरायच्या आधी गाडी घेणाऱ्याशेजारी बसतो आणि विचारतो, गाडी चालवायला कुणाकडून शिकलात. वडील, भाऊ, मेहुणा, स्टॉपवरचा एखादा म्हातारा, सगळे भरभरून सांगायला लागतात, आणि त्यातून कळतं की ते काय चुकीचं शिकले आहेत. पाच-दहा मिनिटं जातात. मगदूम साहेबांना तो वेळेचा अपव्यय वाटतो. मी त्यांना कामाच्या भाषेत उत्तर देतो की त्यामुळे कंट्रोलर जळायचे थांबले, आणि ते खरंच आहे. पण दिवसभरात माझ्याशी तेवढंच कोणी बोलतं, हे दुसरं कारण मी अजून कुठल्या रिपोर्टात लिहिलेलं नाही.